धूळ चालली, चित्र नाही चाललं!

पर्यावरण दिनाची पोस्टर स्पर्धा कुठल्या कॉलेजात होत नाही? तुमच्याकडेही झालीच असेल. निकाल लागायच्या आधीच पहिल्या तीन नंबरांची चित्रं सांगू? एकात पृथ्वीला डोळे असतील आणि त्यातून घळाघळा अश्रू वाहत असतील. दुसऱ्यात कागदाचे दोन भाग. डावीकडे हिरवंगार, उजवीकडे भेगाळलेली जमीन आणि मधोमध एक निष्पर्ण झाड. तिसऱ्यात एक ओंजळ आणि ओंजळीत रोपटं. मेहनत भरपूर असते, शेडिंग झकास असतं. प्राचार्य टाळ्या वाजवतात, परीक्षक टाळ्या वाजवतात. आणि नदीत सांडपाणी सोडणाऱ्या एखाद्या कारखान्याचा मालक प्रमुख पाहुणा म्हणून आलेला असेल, तर तोही मनापासून टाळ्या वाजवतो.

माझं म्हणणं या शेवटच्या टाळीबद्दल आहे. पर्यावरणाच्या संकटावरचं चित्र बघून कुणाच्याच पोटात दुखलं नाही, तर त्या चित्रातून काहीतरी महत्त्वाचं गाळलं गेलंय, असं खुशाल समजा. काय गाळलं जातं, ते कळण्यासाठी एका अशा चित्राकडे बघू या, जे एका गावाला इतकं झोंबलं की त्यांनी ते विकत घेऊन जाळायचं ठरवलं.

चित्रकाराचं नाव अलेक्झांडर होग. जन्म १८९८ चा, वाढला अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात. टेक्सासच्या उत्तर टोकाला डलहार्ट नावाचं छोटं शहर आहे. त्याच्या जवळच होगच्या बहिणीचं आणि मेव्हण्याचं रँच होतं, म्हणजे गुरं पाळायची मोठी वाडी. तिथे त्याचं येणं-जाणं होतं. त्यामुळे तो भाग त्याने डोळ्यांदेखत बदलताना बघितला. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

काय बदललं? हा सगळा सपाट, कमी पावसाचा, सोसाट्याच्या वाऱ्याचा मुलूख. हजारो वर्षं तिथे आखूड गवत होतं. त्याच्या मुळांचं जाळं इतकं दाट की पाऊस नाही पडला तरी माती जागची हलायची नाही. बायसनचे कळप त्यावर जगायचे, नंतर गुरं जगली. मग पहिलं महायुद्ध आलं. युरोपला गहू हवा होता. अमेरिकन सरकारने बुशेलला, म्हणजे साधारण २७ किलोला, दोन डॉलरच्या वर भावाची हमी दिली. ट्रॅक्टर आले, त्यांच्यामागे तव्यांचे नांगर आले आणि गवताची ती चादर मैलच्या मैल उलटी करून टाकली गेली. शहरात राहून इथे फक्त पेरायला आणि कापायला येणारेही कितीतरी होते. त्यांना ‘सूटकेस शेतकरी’ म्हणायचे. काही वर्षं पाऊस चांगला झाला, त्यामुळे सगळ्यांना वाटलं, हे असंच चालणार.

मग भाव कोसळले. १९३१ च्या सुमारास तोच गहू बुशेलला चाळीस सेंटच्याही खाली गेला. तोटा भरून काढायला लोकांनी आणखी जमीन नांगरली. आणि त्याच सुमारास पाऊस थांबला. दुष्काळ त्या मुलखाला नवा नव्हता. नवीन होतं ते एवढंच, की या वेळी मातीला धरून ठेवायला गवत नव्हतं. उघडी माती वाऱ्यावर उडायला लागली. मे १९३४ मधली एक धूळ तर पार न्यूयॉर्क आणि वॉशिंग्टनपर्यंत पोचली. १४ एप्रिल १९३५ च्या रविवारी तर धुळीची काळी भिंतच चालून आली आणि भरदुपारी हातावरचं दिसेनासं झालं. तो दिवस ‘काळा रविवार’ म्हणून ओळखला जातो. त्यानंतर लगेचच या प्रदेशाला ‘डस्ट बाउल’ हे नाव पडलं. माणसं, विशेषतः लहान मुलं, छातीत धूळ भरून न्यूमोनियाने दगावली. सुमारे दहा कोटी एकर जमीन या तडाख्यात सापडली. त्या दशकात मैदानी राज्यांमधून पंचवीस लाखांच्या आसपास लोक गाव सोडून गेले.

हे सगळं होग चितारत होता. १९३४ चं त्याचं एक तैलचित्र आज डॅलसच्या कलासंग्रहालयात आहे. ‘दुष्काळी मुलूख’ असं त्याचं नाव आपल्याला मराठीत सांगता येईल. वाळूत रुतत चाललेलं घर. मोडकी पवनचक्की. तिच्यातून पाणी यायचं, तो हौद कोरडा. हौदापाशी एक हाडाडलेली गाय आणि कडेला निवांत बसलेलं गिधाड. त्याला घाई नाही. आभाळ मात्र स्वच्छ आणि वाळूच्या लाटा गुळगुळीत, जवळजवळ सुंदर. माणूस चित्रात एकही नाही.

दोन वर्षांनी त्याने काढलेलं चित्र तर आणखी थेट आहे. वाहून गेलेल्या जमिनीच्या उंचवट्यांमधून एका आडव्या पडलेल्या बाईचं उघडं शरीर दिसतं. ती धरणीमाता. होग लहानपणी आईबरोबर बागेत काम करायचा, तेव्हा आईने त्याला मातीखाली असलेल्या या माउलीबद्दल सांगितलं होतं. त्याच्या मनात ते घर करून राहिलं होतं. ‘धरणीमाता’ हा शब्द आपल्याला इतका सवयीचा आहे की त्यात आता काही जाणवतही नाही. पण होगने त्या चित्रात एक गोष्ट आणून ठेवली आणि सगळं बदललं. अगदी पुढ्यात, बघणाऱ्याच्या सर्वांत जवळ, एक नांगर. चित्रात हत्यार सापडलंय. आता ‘हे कसं झालं बुवा?’ असं विचारायची सोयच उरली नाही.

आणि तिसरं चित्र, ज्यावरून रामायण झालं, तेही १९३६ चंच. नाव ‘दुष्काळातून वाचलेले’. नाव वाचून वाटेल, तगून राहिलेलं एखादं शेतकरी कुटुंब असेल, आईच्या कडेवर मूल वगैरे. चित्रात आहेत मेलेल्या गाई, वाळूत गाडला गेलेला ट्रॅक्टर आणि काटेरी तारेचं कुंपण. मग वाचलं कोण? एक विषारी साप आणि जमिनीत बिळं करणारा एक छोटा प्राणी. बस्स.

१९३७ मध्ये ‘लाइफ’ या अमेरिकेतल्या प्रचंड खपाच्या साप्ताहिकाने होगची चित्रं छापली आणि डलहार्टकडच्या लोकांचा पारा चढला. व्यापारी मंडळींचं म्हणणं, ही आमच्या भागाची बदनामी आहे. असली चित्रं बघून इथे कोण येईल? जमिनीला भाव कोण देईल? असं सांगतात, की त्यांनी पन्नास डॉलर गोळा केले आणि एक माणूस डॅलसला धाडला. चित्र विकत घ्यायचं, गावात आणायचं आणि भर रस्त्यात जाळायचं. चित्राची किंमत त्याच्या कितीतरी पट निघाली आणि बेत फसला.

जरा विचार करा. त्यांच्या घरात धूळ होती, अंथरुणात धूळ होती, ताटात धूळ होती. ती कशीबशी चालवून घेतली. चित्र मात्र चाललं नाही!

डलहार्टमध्ये तेव्हा जॉन मॅकार्टी नावाचा वृत्तपत्र संपादक होता. गाव सोडून जाणार नाही, अशी शपथ घेणाऱ्यांचा त्याने एक क्लबच काढला होता, ‘लास्ट मॅन्स क्लब’. धुळीच्या वादळांच्या भव्यतेचं गुणगान करणारा लेखही त्याने लिहिला. म्हणजे ‘पॉझिटिव्ह राहा’ हा सल्ला व्हॉट्सअ‍ॅपच्या बराच आधीपासून चालू आहे. पुढे चांगली नोकरी मिळाली तसा तो स्वतःच डलहार्ट सोडून अमरिलोला गेला.

आता तुम्ही म्हणाल, गावकऱ्यांचं काय चुकलं? ते बिचारे आधीच होरपळलेले. त्यात डॅलससारख्या शहरात चित्रं लावून कुणीतरी आपल्याला अडाणी ठरवतो, याचा राग येणारच. हा मुद्दा साधा नाही, तो झटकून टाकू नका. गहू पेरा म्हणून सरकारनेच हमीभाव दिला होता. जमीन विकणाऱ्या दलालांनी सुबत्तेची स्वप्नं दाखवली होती. ट्रॅक्टरचे हप्ते डोक्यावर होते. भाव पडल्यावर जास्त पेरणं हा मूर्खपणा नव्हता, कर्ज फेडायचा तेवढाच मार्ग दिसत होता. होगच्या चित्रात ना हमीभाव दिसतो, ना दलाल, ना बँक. दिसतो तो नांगर, आणि नांगर शेतकऱ्याच्या हातात असतो. म्हणजे दोष सगळ्यांत शेवटच्या माणसावर येतो. हा अन्याय आहे आणि होगच्या बाजूने बोलतानाही तो मान्य करायला हवा.

पण त्या लोकांनी हा मुद्दा मांडलाच नाही. ‘चित्रात आमच्याबरोबर बँकही दाखव’ असं ते म्हणाले असते, तर चित्रकाराला उत्तर देणं जड गेलं असतं. ते म्हणाले, दाखवूच नको. आणि ही मागणी कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याकडून आलेली नव्हती. जमिनीचे भाव टिकले पाहिजेत, अशी ज्यांना काळजी होती, त्यांच्याकडून ती आली होती. कुणी ‘बदनामी’ हा शब्द वापरला, की नक्की कुणाचं नाव खराब होतंय, हे विचारायची सवय लावून घ्या. बऱ्याचदा गावाचं म्हणून सांगितलेलं नाव दोन-चार जणांचंच असतं.

इथे एक प्रश्न येतो. चित्र कशाला? फोटो होते की! त्याच काळात अमेरिकन सरकारने फोटोग्राफर नेमून ग्रामीण भागाचे हजारो फोटो काढून घेतले. डोरोथिया लँगने १९३६ मध्ये काढलेला, मुलांना बिलगून बसलेल्या कष्टकरी आईचा फोटो तुम्ही नक्की कुठेतरी पाहिलेला असणार. तो बघून गलबलून येतं. पण गलबलून आलं की आपण बहुतेक वेळा मदत काय करता येईल, हे विचारतो. हे कुणामुळे झालं, हा प्रश्न मागे राहतो. होगने माणूस चित्रातून काढूनच टाकला. कणव वाटायला समोर चेहराच नाही. मग नजर वस्तूंवर जाते. ट्रॅक्टर. नांगर. तार. रिकामा हौद.

फोटोची आणखी एक पंचाईत त्याच वर्षी दिसली. आर्थर रॉथस्टीन या सरकारी फोटोग्राफरने साउथ डकोटामध्ये भेगाळलेल्या जमिनीवरच्या एका गुराच्या कवटीचे फोटो घेतले. उजेड आणि पार्श्वभूमी चांगली मिळावी म्हणून त्याने ती कवटी थोडी सरकवली होती. विरोधी वृत्तपत्रांना ते कळलं आणि त्यांनी ‘बनावट, बनावट’ म्हणून गदारोळ केला. दुष्काळ खरा, गुरं मेली हे खरं, पण चर्चा झाली कवटीची! फोटोचं सगळं बळ ‘हे इथे असंच होतं’ या एका दाव्यात असतं. तो डळमळला की विषय बदलायला विरोधकांना तेवढंच पुरतं. चित्र असा दावा करतच नाही. होगने नांगर, जमीन आणि बाईचं शरीर एकत्र आणलं, ते उघडउघड, सगळ्यांसमोर. ‘हे तू मुद्दाम ठेवलंस,’ असं त्याला कुणी म्हटलं, तर उत्तर सोपं आहे, हो, मुद्दामच. आता ते खोटं कसं, ते सांगा. वाद कवटीवर न जाता नांगरावरच राहतो.

आणि सौंदर्याचं काय? इतकं भयंकर घडत असताना चित्र एवढं देखणं का, हा आक्षेप होगवरही आला असता. त्याने ते लपवलं नाही. त्या वाळूच्या लाटा आपल्याला सुंदर वाटतात, पण धडकी भरवणाऱ्या सुंदर, अशा अर्थाचं तो बोलला आहे. मला यात प्रामाणिकपणा दिसतो. इंद्रायणीवर पांढरा फेस तरंगतो, तेव्हा तो लांबून बर्फासारखा दिसतो, हे आपण नाकारू शकतो का? चित्रकाराने ते खेचक सौंदर्य वापरावं. बघणारा त्यामुळेच थांबतो आणि थांबल्यावर त्याला नांगर दिसतो.

आता खरं काय ते सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल की चित्राने क्रांती केली. नाही केली. मातीची धूप रोखण्याचा कायदा अमेरिकेत एप्रिल १९३५ मध्ये आला. तो ह्यू बेनेट या मृदाशास्त्रज्ञाच्या चिकाटीमुळे आणि वॉशिंग्टनवर येऊन पडलेल्या धुळीमुळे. मग उताराला आडवी नांगरट सुरू झाली, वारा अडवायला झाडांचे पट्टे लावले गेले. यात होगचा कुंचला कुठेही नव्हता.

मग त्याने केलं काय? त्याने कारण नोंदवून ठेवलं. हे काम वाटतं तेवढं छोटं नाही. संकट ओसरलं की सगळ्यात आधी त्याचं कारण विसरलं जातं. पाऊस परत आला, भाव वाढले की ‘तेव्हा दुष्काळ पडला होता’ एवढंच उरतं. म्हणजे सगळा दोष आभाळाचा! डलहार्टच्या परिसरात पुढे जमिनीखालच्या ओगलाला जलसाठ्यातून पाणी उपसून पुन्हा शेती फुलली आणि आज तो साठा खोल खोल चालला आहे. जमिनीवरचं गवत संपवून झालं, आता खालच्या पाण्याची पाळी. अशा वेळी ‘तेव्हा फक्त पाऊस नव्हता पडला’ असं म्हणणाऱ्याला १९३६ चा तो नांगर दाखवता येतो.

‘दुष्काळातून वाचलेले’ मात्र आपल्याला बघायला मिळणार नाही. ते पॅरिसमधल्या एका कलासंग्रहालयाने घेतलं होतं आणि १९४८ मध्ये आगीत जळून गेलं. डलहार्टकरांना जे पन्नास डॉलरमध्ये जमलं नाही, ते एका अपघाताने झालं. पण तोवर ते छापून हजारो घरांत पोचलेलं होतं.

आता तुमच्याकडे येतो. यंदा पुन्हा स्पर्धेची नोटीस लागेल. आज तर कागदही लागत नाही. एआयला ‘दुष्काळ’ असा शब्द टाइप करून द्या, दहा सेकंदांत भेगाळलेली जमीन आणि वाळलेलं झाड हजर. ते वाईट दिसणार नाही, उलट तुमच्या-माझ्या हातापेक्षा सफाईदार असेल. फक्त ती जमीन कुठलीच नसेल. तिला तालुका नसेल, सातबारा नसेल, तिच्या शेजारी कुणाची बोअर नसेल. लाखो भेगाळलेल्या जमिनींची ती सरासरी असेल, आणि सरासरीवर कुणी चिडत नाही. होगला त्याचा नांगर कुठे सापडला? बहिणीच्या वाडीवर, जिथे आधी गवत होतं आणि आता नाही, हे त्याने स्वतः बघितलं होतं. मघाशी लक्षात ठेवायला सांगितलं होतं, ते यासाठी. ‘ओरिजिनल’ चित्राचा मला कळणारा अर्थ हा आहे. शैली आधी कुणी न वापरलेली असेल-नसेल, जागा तुमच्या माहितीची हवी.

तेव्हा रंग बाहेर काढायच्या आधी चार दिवस पायपीट करा. तुमच्या गावची नदी, ओढा, टेकडी, खाडी, डंपिंग ग्राउंड, काहीही निवडा. तिथल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, इथे आधी काय होतं. कुठला पाइप कुठून येतो, ते बघा. वाळू कोण नेतं, भराव कधी पडला, पूररेषेच्या आत काय उभं राहिलं, ते बघा. मग ठरवा, या सगळ्यातली अशी कोणती एक वस्तू आहे, जी चित्रात पुढ्यात ठेवली की ‘हे कसं झालं बुवा?’ असं कुणाला विचारता येणार नाही. तो तुमचा नांगर. आणि होगकडून जे राहिलं, तेही करून बघा. नांगर धरणाऱ्या हातामागे आणखी कुणाकुणाचे हात आहेत, ते शोधा. त्यात कदाचित आपलाही निघेल, कारण फ्लॅटचं सांडपाणी सोसायटीच्या गेटबाहेर कुठे जातं, हे आपण तरी कुठे विचारलेलं असतं?

चित्रकला येत नसेल, तरी एक काम तुमच्याकडे आहेच, बघणाऱ्याचं. उद्या तुमच्याच कॉलेजातल्या कुणी तुमच्या शहराच्या नदीचं असं चित्र काढून भिंतीवर लावलं आणि कुणीतरी म्हणालं, ‘काढा ते, बदनामी होते,’ तर तुम्ही काय कराल? चित्रात चूक असेल तर जरूर सांगा, वाद घाला, दुसरं चित्र काढा. पण ते उतरवायला हात लावण्याआधी त्या म्हणणाऱ्याला घेऊन एकदा नदीवर जाऊन या.